न वाजलेले फोन

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविड-१९ च्या साथीला महामारी म्हटले आणि त्यानंतरच्या पंधरवड्यात माझ्या दवाखान्यातली बाकडी रिकामी झाली. एरवी सकाळी दार उघडण्याआधीच बाहेर माणसे उभी असत. आता बाकड्यांवर एकाआड एक फुल्या मारलेले कागद चिकटवले होते आणि उरलेल्या जागांवरही कोणी बसत नव्हते. फोन मात्र उसंत देत नव्हता. घसा खवखवतो आहे, हे तेच असेल का. शेजारचे गृहस्थ खोकत होते, आम्ही तपासणी करून घ्यावी का. बाहेरून आणलेली पिशवी किती तास तशीच ठेवायची. मी दिवसाला साठ-सत्तर फोन घेत होते आणि रात्री बसलेल्या घशाने स्वतःला सांगत होते की दवाखाना चालू आहे, आपले पेशंट आपल्या संपर्कात आहेत.

ते खरे नव्हते, हे कळायला दहा-बारा दिवस गेले. एका संध्याकाळी मी फोनांची वही चाळत बसले होते आणि नावे वाचता वाचता काहीतरी खटकले. फोन करणाऱ्यांत बहुतेक जण धडधाकट होते, चाळिशी-पन्नाशीच्या आतले होते, बातम्या नीट वाचणारे होते. हा आजार ज्यांच्या जिवावर बेतू शकतो असे आम्हाला रोज सांगितले जात होते, ती माणसे वहीत जवळजवळ नव्हतीच. दर महिन्याला न चुकता बीपी मोजायला येणाऱ्या आजी नव्हत्या, दम्याचा पंप संपला की आधी माझ्यावर रागावून मग हसणारे काका नव्हते, केमोथेरपीची चौथी फेरी चालू असलेली शिक्षिका नव्हती. त्यांना बरे वाटत होते म्हणून ते गप्प होते, असे मानायला काहीच आधार नव्हता. पुढे एकेकाशी बोलले तेव्हा जवळजवळ सगळ्यांनी एकच कारण सांगितले: डॉक्टर आधीच केवढ्या गडबडीत असतील, आपले तर जुनेच दुखणे आहे, उगाच कशाला त्रास. ते दुखणे अंगावर काढत होते आणि त्याला माझ्याविषयीची काळजी म्हणत होते.

महामारीत फॅमिली डॉक्टरने काय केले, असे कोणी विचारले तर मला त्या वहीपासूनच सांगावे लागते. त्या काळात माझ्या हातून जे थोडेफार उपयोगी काम झाले, ते न वाजलेल्या फोनांचे होते.

वेल्समध्ये ग्लिनकोरुग नावाच्या खाणकामगारांच्या खेड्यात ज्युलियन ट्यूडर हार्ट नावाचे एक डॉक्टर अनेक वर्षे प्रॅक्टिस करत होते. १९७१ साली त्यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात एक लेख लिहिला आणि त्यात एक नियम मांडला: ज्या लोकांना चांगल्या वैद्यकीय सेवेची गरज सर्वांत जास्त असते, त्यांनाच ती मिळण्याची शक्यता सर्वांत कमी असते. हे वाक्य मी विद्यार्थिदशेत परीक्षेपुरते पाठ केले होते आणि त्याचा संबंध फक्त गरिबीशी लावला होता. २०२० मध्ये मला दिसले की हा नियम एका टेलिफोनच्या तारेतूनही चालतो. ज्याला नीट ऐकू येते, ज्याच्याकडे चार्ज केलेला फोन आहे, ज्याला आपले लक्षण दोन वाक्यांत मांडता येते आणि ज्याला डॉक्टरचा वेळ घेण्याचा संकोच वाटत नाही, त्याचा फोन पहिला लागतो. उरलेल्यांना लाइन एंगेज मिळते आणि ते दुसऱ्यांदा प्रयत्न करत नाहीत. साध्या काळात हा अन्याय थोडा झाकला जातो, कारण अबोल माणूसही शेवटी बाकड्यावर येऊन बसतो आणि त्याची पाळी येते. बाकडी गेली तशी ही पाळीही गेली. ट्यूडर हार्ट यांची जी गोष्ट मला आज लेखापेक्षाही मोलाची वाटते ती अशी, की पेशंट येण्याची वाट न पाहता त्यांनी आपल्या गावातल्या प्रौढ माणसांचे रक्तदाब शोधून शोधून मोजले होते. म्हणजे कोण आले याच्या जोडीने कोण आले नाही, याचाही हिशोब त्यांनी ठेवला होता.

आम्हीही मग उलट्या दिशेने फोन करायचे ठरवले, पण त्यासाठी यादी हवी होती आणि यादी करणे वाटते तितके सोपे नसते. इंग्लंडमध्ये मार्च २०२० मध्ये सरकारने अतिधोक्यातील लोकांना पत्रे पाठवून घरातच राहायला सांगितले; ती पहिली यादी सुमारे २२ लाखांची झाली. अवयव प्रत्यारोपण झालेले, काही विशिष्ट कर्करोगांवर उपचार घेणारे, श्वसनाचा तीव्र विकार असलेले असे लोक तिच्यात होते. पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये वय, वजन, वंश, राहत्या भागातील गरिबी अशा गोष्टी एकत्र धरून नव्याने हिशोब केला, तेव्हा आणखी सुमारे १७ लाख लोक त्या यादीत आले. म्हणजे एवढी संगणकीकृत नोंद असलेल्या देशालाही 'नाजूक' कोणाला म्हणायचे, हे ठरवायला जवळजवळ वर्ष लागले. मी हे दोष काढण्यासाठी सांगत नाही. रोगांच्या नावावरून केलेली यादी लागतेच. फक्त तिला माणसाच्या घराचे दार दिसत नाही.

आमची यादी तीन हातांनी झाली. पहिला संगणक: मधुमेह, किडनीचा आजार, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे, वय सत्तरीपुढे. दुसरे जुने केसपेपर, ज्यांच्या समासात मी कधीतरी पेन्सिलीने लिहिले होते, 'मुलगा बोलत नाही', 'गोळ्या अर्ध्या करून खातात', 'वाचता येत नाही, सांगू नये'. तिसरी आमच्या रिसेप्शनवरच्या ताईंची आठवण, आणि या तिसऱ्या हाताने पहिल्या दोन हातांच्या चुका दुरुस्त केल्या. वीस वर्षे त्या दाराशी बसल्या आहेत. कोण जिना चढून धापा टाकत येतो, कोणाबरोबर कोणीच येत नाही, कोण नेहमी बरोबर आलेल्या माणसाकडे पाहून मगच उत्तर देतो, हे त्यांना ठाऊक होते. दोन वृद्ध बहिणींची नावे वाचताना त्या म्हणाल्या, "यांना फोन करून उपयोग नाही. एकीला ऐकू येत नाही, दुसरीला दिसत नाही. जिला घंटी ऐकू येते तिला फोन सापडत नाही, आणि जिला सापडतो तिला तो वाजतोय हेच कळत नाही." आम्ही हसलो, आणि मग त्या दोघींच्या नावापुढे 'व्हिजिट' असे लिहिले. शेवटी यादीत २१४ नावे झाली. नावापुढे आजार होता, औषध होते आणि एक रकाना असा होता की मला त्याचा आजही अभिमान वाटतो: 'फोन कोण उचलतो'.

पहिल्या आठवड्यातल्या फोनांनीच पुष्कळ शिकवले. रक्तदाबाच्या एका गटातल्या गोळ्यांनी हा विषाणू शरीरात सहज शिरतो, अशी बातमी त्या मार्चमध्ये सर्वत्र फिरत होती. तिच्यामागे प्रयोगशाळेतला एक तर्क होता, माणसांमधला पुरावा नव्हता. हृदयरोगतज्ज्ञांच्या युरोपीय संघटनेने १३ मार्चलाच या गोळ्या बंद करू नका असे स्पष्ट सांगितले होते. ते निवेदन माझ्यापर्यंत पोहोचले, बातमी माझ्या पेशंटांपर्यंत. यादीतल्या सहा जणांनी गोळी बंद केली होती आणि त्यांतल्या एकाचा वरचा रक्तदाब घरच्या यंत्रावर दोनशेच्या पुढे गेला होता. पाठोपाठ हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचे प्रकरण आले. हे औषध ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार) आणि संधिवाताच्या पेशंटांना वर्षानुवर्षे लागते. कोविडवर ते चालेल अशी आशा निर्माण झाल्यावर ते दुकानांतून एकाएकी नाहीसे झाले आणि ज्यांचे आजार त्यावर आवरलेले होते त्या माणसांचे सांधे पुन्हा सुजू लागले. जून २०२० मध्ये 'रिकव्हरी' या मोठ्या ब्रिटिश चाचणीने रुग्णालयातील कोविड रुग्णांना त्याचा फायदा होत नाही असे दाखवले, तोवर माझी एक पेशंट दहा दिवसांच्या गोळ्या महिनाभर पुरवत होती. साथीने तिला गाठले नव्हते, पण साथीच्या अफवेने गाठले होते.

फोनवर तपासणे ही निराळीच विद्या आहे आणि ती आम्हाला कोणी शिकवली नव्हती. म्हाताऱ्या माणसांना हा आजार झाला तर ताप येईलच असे नाही. कधी नुसते खाणे सुटते, कधी माणूस बाथरूमकडे जाताना पडतो, कधी सकाळपासून असंबद्ध बोलतो. त्यामुळे 'ताप आहे का' हा प्रश्न विचारून फोन ठेवणे धोक्याचे होते. दुसरी अडचण अशी की या आजारात रक्तातला ऑक्सिजन उतरला तरी पुष्कळांना धाप जाणवत नसे. श्वास कोंडल्याची भावना मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साठल्याने होते आणि तो वायू तर या रुग्णांच्या शरीरातून बाहेर पडत असे. म्हणून माणूस खुर्चीत बसून शांतपणे गप्पा मारी आणि त्याचा ऑक्सिजन पंचाऐंशीवर असे. अशा वेळी बोटाला लावायचे ते छोटे चिमट्यासारखे यंत्र, ऑक्सिमीटर, माझा उजवा हात झाले. ज्या तत्त्वावर ते चालते ते १९७० च्या दशकात शोधणारे जपानी अभियंते ताकुओ आओयागी १८ एप्रिल २०२० रोजी वारले. त्या दिवशी जगभर किती बोटे त्या चिमट्यात असतील, असा विचार ती बातमी वाचताना मनात आला. मात्र या यंत्रावरही डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात असे आढळले की यंत्र ९२ ते ९६ हा आकडा दाखवत असताना प्रत्यक्षात ऑक्सिजन ८८ च्या खाली गेलेला असण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांमध्ये सुमारे ३.६ टक्के होते, तर कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये ११.७ टक्के. त्वचा गडद असेल तर यंत्र थोडे जास्त आशावादी होते. तेव्हापासून मी आकड्याबरोबर त्याची चालही विचारू लागले: काल किती होता, आज किती आहे, खोलीत थोडे चालून आल्यावर किती उतरतो.

दिवस मोजणे हे दुसरे काम. लक्षणे सुरू झाल्यापासूनचा पहिला आठवडा बरा जाऊन दुसऱ्या आठवड्याच्या तोंडाशी प्रकृती अचानक ढासळते, असे पुष्कळांच्या बाबतीत घडत होते. म्हणून माझ्या वहीत तारखेशेजारी 'सहावा', 'आठवा' असे लिहिलेले असे आणि त्या दिवसांत मी सकाळ-संध्याकाळ फोन करी. घरचे लोक औषध मागत. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णांचे मृत्यू कमी होतात हे जून २०२० मध्ये कळल्यावर तर 'तेच द्या ना, आधीच द्या' असा आग्रह सुरू झाला. ज्यांना ऑक्सिजन लागत नाही त्यांना त्याचा फायदा दिसलेला नाही, आणि मधुमेह्याची साखर मात्र ते भडकवते, हे दर वेळी नव्याने सांगावे लागे. ब्रिटनमधील फॅमिली डॉक्टरांच्या 'प्रिन्सिपल' चाचणीने पुढे घरी असलेल्या वयस्क रुग्णांमध्ये अॅझिथ्रोमायसिन आणि डॉक्सिसायक्लिन या दोन्ही प्रतिजैविकांचा उपयोग होत नाही असे दाखवून दिले. औषध न देता रोज फोन करणे हे काम समोरच्याला पटवून देणे अवघड असते. मी ते कधी जमवले, कधी नाही.

आता ज्याबद्दल लिहायचे टाळत आले आहे ते लिहिते.

यादीत एक निवृत्त गृहस्थ होते. एकटे राहणारे, मधुमेह पंधरा वर्षांचा, स्वभाव दिलखुलास. त्यांना मी तीन वेळा फोन केला. तिन्ही वेळा त्यांनी साखरेचे आकडे तत्परतेने सांगितले, माझीच चौकशी केली आणि "एकदम उत्तम, डॉक्टर, तुम्ही बाकीच्यांकडे बघा" म्हणून फोन ठेवला. दुसऱ्या फोनमध्ये त्यांनी बोलता बोलता सांगितले होते की पायाला काहीतरी लागले आहे, पण दुखत मुळीच नाही. मी 'दुखत नाही' हे शब्द ऐकले आणि पुढच्या नावाकडे वळले. मधुमेहाने ज्यांच्या पायांची संवेदना गेलेली असते त्यांना न दुखणे हीच धोक्याची खूण असते, हे मी स्वतः नर्सिंगच्या विद्यार्थिनींना शिकवत आले आहे. चौथ्या आठवड्यात त्यांच्या शेजाऱ्यांचा फोन आला की घरातून वास येतो आहे. दोन बोटे कापावी लागली. ते बरे होऊन आले तेव्हा माझ्यावर रागावले नाहीत, उलट मलाच समजावत होते, आणि ते मला अधिक कठीण गेले.

दवाखान्यात ते आले असते तर मला काही विचारावेही लागले नसते. दारापासून खुर्चीपर्यंत सात-आठ पावले आहेत आणि माझी पहिली तपासणी त्या पावलांतच होते: माणूस कोणता पाय जपून टाकतो, खुर्चीचा हात धरून बसतो का, बसल्यावर किती वेळाने बोलू लागतो, चपला सैल झाल्या आहेत का घट्ट. एवढ्या वर्षांत मी या पावलांची कधी नोंद केली नव्हती, कारण ती आपोआप दिसत होती. फोनने माझ्याकडून सर्वांत आधी हीच पावले काढून घेतली आणि ती गेली आहेत हेच मला कळले नाही. त्यानंतर आम्ही मधुमेहाच्या सगळ्या पेशंटांना प्रश्न बदलून विचारले. पाय दुखतो का, असे विचारायचे नाही. आत्ता मोजे काढा, आतून डाग आहे का पाहा, तळवा आरशात दाखवा, दोन्ही पायांची बोटे मोजत एकेकाला हात लावा. व्हिडिओ कॉलवर ज्यांना हे जमत नव्हते त्यांच्याकडे मी गेले.

व्हिजिटचे प्रमाण त्या वर्षी वाढले आणि तिची रीत बदलली. दाराबाहेर गाउन चढवायचा, आत कमीत कमी वेळ थांबायचे, खिडकी उघडायला लावायची, बोलण्याचा भाग शक्य तो फोनवर आधीच उरकून घ्यायचा. ज्यांना कमी ऐकू येते ते पेशंट वर्षानुवर्षे माझे ओठ वाचत होते हे मास्क लावल्यावर कळले. मग मी जाड अक्षरांत लिहायची पाटी जवळ ठेवू लागले. रक्त पातळ करणारी जुनी गोळी घेणाऱ्यांचे रक्त वेळच्या वेळी तपासावे लागते, ते नमुने घरून आणले. तीव्र मानसिक आजारासाठी महिन्याचे इंजेक्शन घेणाऱ्या चौघांची तारीख आम्ही एकदाही चुकू दिली नाही. त्यांच्यातला एक जण दारातच बाही वर करून उभा राही आणि मी निघाले की आतून कडी लावी, बोलत नसे. दवाखान्याचा सकाळचा पहिला तास आम्ही प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांसाठी आणि लसीकरणाच्या बाळांसाठी राखून ठेवला. त्या तासाला दुसरे कोणी येऊ नये यासाठी ताईंनी जे काही केले ते सौम्य शब्दांत सांगता येणार नाही.

बाळांचा उल्लेख मुद्दाम केला. महामारीने मारलेल्या माणसांची मोजदाद झाली, आणि ती प्रचंड आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत जगभरात नेहमीपेक्षा सुमारे १ कोटी ४९ लाख मृत्यू अधिक झाले. यांतले सगळेच थेट विषाणूने झालेले नाहीत. उपचार वेळेवर न मिळाल्याने गेलेलेही या आकड्यात आहेत. २०२० मध्ये २ कोटी ३० लाख बालकांना नेहमीच्या मूलभूत लसी पूर्ण मिळाल्या नाहीत, आदल्या वर्षापेक्षा ३७ लाखांनी जास्त. क्षयरोगाच्या नव्या नोंदी २०१९ मधील ७१ लाखांवरून २०२० मध्ये ५८ लाखांवर आल्या, आणि त्याच वर्षी क्षयाचे मृत्यू दशकाहून अधिक काळानंतर प्रथमच वाढले. रोग कमी झाला नव्हता, खोकणारा माणूस दवाखान्यात यायचा थांबला होता. इंग्लंडमध्ये मार्च २०२० च्या अखेरीस हृदयविकाराच्या झटक्याने रुग्णालयात दाखल होणाऱ्यांची संख्या आदल्या वर्षाच्या तुलनेत ४० टक्क्यांनी घटली होती. त्या चाळीस टक्क्यांची हृदये अचानक बरी झाली असतील असे कोणी म्हणणार नाही. हे सगळे आकडे मला न वाजलेल्या फोनांसारखेच वाटतात, फक्त देशाच्या आणि जगाच्या मापाचे.

हे आकडे वाचून एखाद्याला वाटेल की एवढ्या मोठ्या संकटात एका छोट्या दवाखान्यातली वही ती काय. मला मात्र विल्यम पिकल्स आठवतात. इंग्लंडच्या यॉर्कशायरमधल्या वेन्सलीडेल खोऱ्यात ते फॅमिली डॉक्टर होते. १९२९ साली तिथे काविळीची साथ आली. खोऱ्यातली माणसे त्यांना नावानिशी माहीत होती. कोण कोणाला कुठल्या दिवशी भेटले हे विचारत त्यांनी एकेका रोग्याची साखळी जुळवली आणि लागण झाल्यापासून आजार दिसेपर्यंत किती दिवस जातात, ते ठरवले. मोठ्या शहरातल्या संशोधकाला हे जमले नसते, कारण त्याला कोणती मुलगी कोणाच्या घरी कामाला जाते हे ठाऊक नसते. ब्रिटनमधील फॅमिली डॉक्टरांची संस्था स्थापन झाल्यावर पिकल्स तिचे पहिले अध्यक्ष झाले. ओळख हे वैद्यकीय साधन आहे, असे आम्ही भावनेच्या भरात म्हणतो, पण त्याला आता मोजमापाचाही आधार आहे. नॉर्वेतील सुमारे ४५ लाख लोकांच्या नोंदींवरून केलेल्या अभ्यासात असे दिसले की एकाच फॅमिली डॉक्टरकडे पंधरा वर्षांहून अधिक काळ जाणाऱ्यांमध्ये, ज्यांची डॉक्टरशी ओळख वर्षभराचीच आहे त्यांच्या तुलनेत, मृत्यूची शक्यता सुमारे २५ टक्क्यांनी कमी होती आणि तातडीने रुग्णालयात भरती होण्याची शक्यताही सुमारे २८ टक्क्यांनी कमी होती. अशा अभ्यासातून कारण पक्के सिद्ध होत नाही, हे मान्य. तरी पंधरा वर्षांत डॉक्टरला काय काय कळत असेल याची कल्पना मला आहे. कोण 'उत्तम' म्हणतो तेव्हा खरोखर उत्तम असतो आणि कोणाचे 'उत्तम' ऐकल्यावर चपला घालून निघायचे असते, हे त्यांतले एक. माझे ते त्या गृहस्थांच्या बाबतीत चुकले.

फोनवर आणखी एक गोष्ट हरवली होती, आणि ती परत मिळवायला मला उन्हाळा पुरा लागला. दवाखान्यात पेशंट खरी गोष्ट खुर्चीत बसून सांगत नाही. उठतो, कागद घडी करतो, दाराच्या मुठीला हात लावतो आणि मग म्हणतो, "जाता जाता एक विचारायचं होतं." छातीत दुखते ते तेव्हा कळते, स्तनात गाठ लागते ते तेव्हा कळते, सून मारते ते तेव्हा कळते. फोनला दार नसते. माणूस 'ठेवते हं' म्हणतो आणि खट्कन आवाज होतो. जाता जाताचा क्षणच शिल्लक राहत नाही. शिवाय घरात सगळेच कोंडलेले. ज्याच्याविषयी बोलायचे तो शेजारीच बसलेला असू शकतो. म्हणून मी प्रश्न असे विचारू लागले की उत्तर फक्त 'हो' किंवा 'नाही' देता येईल: तुम्ही आत्ता एकट्या आहात का, कोणी ऐकते आहे का, मी उद्या रक्त तपासायच्या निमित्ताने बोलावू का. तीन बायका त्या निमित्ताने दवाखान्यात आल्या. त्यांच्यापैकी कोणाचेही रक्त तपासायचे नव्हते.

दुसरी युक्ती त्याहून सोपी होती. समोरच्याने 'ठेवतो' म्हटल्यावर मी ठेवायचे नाही.

यादीत एक आजोबा होते. पत्नीला स्मृतिभ्रंश, तिचे सगळे तेच करत. स्वतःला मधुमेह आणि पूर्वी एकदा झटका येऊन गेलेला. दर गुरुवारी साडेचारला मी फोन करी. ते तयारीत बसलेले असत आणि कागदावरून वाचून दाखवीत: दोघांचे बीपी, दोघांचा ऑक्सिजन, त्यांची साखर, तिने किती खाल्ले, कितीदा उठली. सहा मिनिटांत सगळे आटोपे. हिशोबनीस माणसाचा ताळेबंद असावा तसा तो फोन होता आणि मी त्याच्यावर खूष होते. जुलैतल्या एका गुरुवारी त्यांनी आकडे सांगितले, सगळे आकडे चांगले होते, "बाकी ठीक, ठेवतो" म्हणाले, आणि मी गप्प राहिले. त्यांनीही ठेवला नाही. पलीकडे पंख्याचा आवाज येत होता.

"डॉक्टर, आहात ना?"

"आहे."

"काल रात्रीपासून ती मला ओळखत नाहीये. मला म्हणते, तुम्ही चांगले आहात, पण आता घरी जा, तुमच्या घरचे वाट बघत असतील."

मी पुढचे तीन फोन दुसऱ्या दिवसावर ढकलले. आम्ही चाळीस मिनिटे बोललो, त्यांतली बरीच आजी पूर्वी कशा होत्या यावर. अचानक झालेला बदल म्हणून लघवीचा नमुना मागवला, झोपेची एक गोळी कमी केली, रात्री दिवा चालू ठेवायला सांगितले, आणि आठवड्यातून दोन दुपारी त्यांच्याजवळ बसू शकेल अशा भाचीचा नंबर त्यांच्याकडून घेतला. वहीत त्या दिवशीच्या नोंदीत लिहिले आहे: 'आकडे उत्तम. पुन्हा रविवारी. फोन तेच उचलतात.'